पाला कुजेना, गांडूळ दिसेना

वाचकाचे पत्र (थोडे आखडून)

फोंडा तालुक्यात आमचे दोन एकरांचे कुळागर आहे. पोफळी हजाराच्या आसपास, मधून केळी, थोडी जायफळे, आणि पोफळींवर चढवलेल्या तीनेकशे मिरवेली. सासऱ्यांच्या वेळेपासून, म्हणजे निदान तीस वर्षे, कोळेरोगासाठी (पावसात सुपारी सडवणारा रोग) बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण, मारतो. एक फवारणी पावसाआधी, दुसरी आषाढात, तिसरी चवथीच्या सुमारास. दर वेळी दोनशे लिटरची पाच बॅरल. मिरीच्या बुंध्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड, हेही तांब्याचेच औषध, ओततो ते वेगळे. अलीकडे पोफळींखालचा पाला कुजतच नाही, थरावर थर चढतो. खणले तर गांडूळ दिसत नाही. जुन्या पोफळी पडल्या तिथे लावलेली रोपे पिवळी पडून खुंटली. शेणखत, जीवामृत, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), सगळे करून झाले. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (आम्लता दाखवणारा पीएच) 5.1, सेंद्रिय कर्ब जास्त, तांबे 14 पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) आणि पुढे ‘पुरेसे’ असा शेरा. शिकून आलेला मुलगा म्हणतो, दोष सगळा मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा), यंदापासून बंद. हे म्हणतात, बंद कर आणि मग सडकी सुपारी वेचायला तूच ये. दोघे एकमेकांशी धड बोलत नाहीत. खरे कोणाचे? आणि साठलेले तांबे जमिनीतून काढता येते का?

उत्तर

ताई,

मुलाने दुखणे बरोबर ओळखले आहे. पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे यंदा मोरचूद एकदम बंद केलात, तर श्रावणात पोफळींखाली हिरव्या सुपारीचा सडा पडेल आणि पुढे या घरात त्याचे कोणी ऐकून घेणार नाही. कोळेरोग चांगला लागला तर अर्ध्याहून जास्त पीक नेतो, हे तुमच्या यजमानांनी डोळ्यांनी पाहिलेले असणार. त्यांची भीती खरी आहे. तेव्हा आधी हिशेब करू, भांडण कोणाच्या बाजूने सोडवायचे ते मागाहून बघू.

पत्रिकेवरच्या शेऱ्याने तुमचा घोळ झाला आहे, आणि तो होण्यासारखाच आहे. तिथे तांबे मोजतात ते पिकाला कमी पडते आहे का हे पाहायला. डीटीपीए नावाच्या द्रावणात मातीतले जेवढे तांबे उतरते तेवढे मोजायचे. किलोमागे 0.2 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, वर असेल तर पुरेसे. जास्त झाले म्हणायची रेषा तिथे नसतेच. तुमचा आकडा 14, म्हणजे कमतरतेच्या रेषेच्या सत्तर पट, आणि शेरा मात्र 0.5 वाल्याला मिळतो तोच. शिवाय हे झाले फक्त मातीतून सहज सुटणारे तांबे. एकूण साठा याच्या कितीतरी पट असतो, आणि तो कळायला माती आम्लात पचवून वेगळी तपासणी करावी लागते.

ती होईपर्यंत कागदावर अंदाज बांधता येतो. एक टक्का बोर्डोत शंभर लिटरला एक किलो मोरचूद. तुमची पाच बॅरल म्हणजे हजार लिटर, दहा किलो मोरचूद. तीन फवारण्यांचे तीस किलो. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबे असते, म्हणजे वर्षाला साडेसात किलो तांबे दोन एकरांत उतरते. हेक्टरी मांडले तर सव्वानऊ-साडेनऊ किलो. युरोपीय संघाने 2019 पासून तांब्याच्या औषधांना सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोंची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी चार. तुम्ही दुपटीच्या पुढे आहात.

तीस वर्षांचे झाले सव्वादोनशे किलो. दोन एकरांतली वरची वीतभर माती साधारण सोळाशे टन भरेल. सगळे तांबे तिथेच राहिले असे धरले तर किलोमागे 140 मिलिग्रॅमची भर. काही सुपारीबरोबर गेले, काही पावसाने माती वाहिली तिच्याबरोबर गेले, म्हणून आपण शंभर धरू. तुलनेला सांगतो: युरोपातल्या जमिनींची 2018 साली प्रसिद्ध झालेली पाहणी आहे, तिच्यात सर्व जमिनींची सरासरी 17 मिलिग्रॅम आणि द्राक्षमळ्यांची 49. सांडपाण्याचा गाळ ज्या शेतात घालायचा तिथल्या मातीसाठी त्यांची 1986 ची मर्यादा 50 ते 140 आहे, आणि तीही सामू 6 ते 7 असलेल्या जमिनीसाठी. तुमचा सामू 5.1. हा फरक लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

मिरीचे गणित तर माझ्या मते जास्त वाईट आहे, आणि त्याकडे घरात कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पुडीत निम्मे तांबेच असते. लिटरला दोन ग्रॅम घेऊन वेलाला पाच लिटर ओतले की पाच ग्रॅम तांबे थेट जमिनीत गेले. बुंध्याभोवती फूटभर अंतरापर्यंतची, वीतभर खोलीची माती धरा, ती पंचावन्न किलोंच्या आसपास भरते. एका ओतणीत किलोमागे नव्वद मिलिग्रॅम! फवारणीचे तांबे निदान पानांवरून, घडांवरून हळूहळू खाली येते. इथे आपण ते मुळांच्या तोंडात ओततो, आणि वेल पोफळीवरच चढलेली असल्यामुळे ती मुळे पोफळीचीही असतात.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पाऊस शंभर इंचांच्या वर, मग एवढे तांबे धुऊन कसे जात नाही? कारण ते मातीला धरून बसते. कुजलेल्या पाल्यापासून झालेला काळा अंश त्याला सर्वांत घट्ट धरतो, आणि आपल्या तांबड्या चिऱ्याच्या मातीतली लोहाची संयुगेही धरतात. बरीच कीटकनाशके जशी काही महिन्यांनी विघटन होऊन संपतात तसे तांबे संपत नाही. ते मूलद्रव्य आहे, त्याचे तुकडे होत नाहीत. जिथे पडले तिथे, वरच्या काही इंचांत राहते. आणि मातीतली सगळी जिवंत माणसे, म्हणजे आपले जिवाणू, बुरशा, गांडुळे, नेमकी त्याच थरात राहतात.

मोरचूद बुरशीला मारतो कसा, ते समजले की बाकीचे आपोआप समजते. पाण्यात सुटलेला तांब्याचा कण पेशीच्या पडद्यातून आत शिरतो, पेशीतली कामे घडवून आणणाऱ्या विकरांतल्या (एन्झाइममधल्या) गंधकाच्या जागांना चिकटतो आणि त्यांचे काम थांबवतो. सुपारीवरची फायटोप्थोरा, म्हणजे कोळेरोग आणणारी बुरशी, आणि जमिनीतले नत्र फिरवणारे जिवाणू यांत भेद करायला त्याच्याकडे काही साधन नाही. म्हणून तांबे साठलेल्या बागांत पहिल्यांदा खाली येते ती विकरांची हालचाल. पाला फोडणारी, युरियाचे नत्र सोडवणारी, स्फुरद मोकळे करणारी, सगळीच मंदावतात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू फार नाजूक. द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठी कमी होतात. मुळांशी भागीदारी करून स्फुरद आणून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे बीजाणू नीट रुजत नाहीत, आणि पोफळ काय, मिरी काय, दोघींनाही त्या भागीदाराची गरज असते.

सगळेच मरतात असे मात्र नाही. तांबे सोसणारे वाचतात, वाढतात, आणि हळूहळू वस्तीच बदलते. साधारणपणे बुरशा जिवाणूंपेक्षा जास्त सोसतात. पण सोसणाऱ्यांचीही बरीच शक्ती तांबे पेशीबाहेर ढकलण्यात जाते. अशा मातीत जेवढे सूक्ष्मजीव उरतात ते त्यांच्या मानाने जास्त कर्ब जाळतात आणि काम कमी देतात. पेशीबाहेर तांबे ढकलायची जी जनुके असतात त्यांच्या सोबतीने कधीकधी प्रतिजैविकांना न जुमानण्याची जनुकेही निवडली जातात. हा विषय कुळागरापुरता नाही, म्हणून इथे एवढेच.

तुमच्या न कुजणाऱ्या पाल्याचे अगदी जुळे चित्र ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अ‍ॅव्होकॅडो बागांत मिळाले होते. वर्षानुवर्षे तांब्याच्या फवारण्या, मातीत किलोमागे 280 ते 340 मिलिग्रॅम तांबे, सूक्ष्मजीवांचे प्रमाण घटलेले, गांडुळे अशा मातीतून काढता पाय घेणारी, आणि झाडांखाली पाल्याचा न मोडलेला थर. गांडूळ पाला ओढून खाली नेते, मातीत मिसळते, तिथे जिवाणू त्याचा फडशा पाडतात. ती साखळी पहिल्याच कडीत तुटली की वर पाला आणि खाली कडक माती. तेव्हा पत्रिकेतल्या ‘कर्ब जास्त’ या शेऱ्यावर फार खूश होऊ नका. कुळागरात तो जास्त असतोच, पण तुमच्याकडे त्यातला काही भाग खर्च होत नसल्यामुळे साठलेला आहे.

रोपे का खुंटली तेही यातच आले. तांबे मुळांत अडकते, वर फारसे चढत नाही. मुळांची टोके आखूड, जाड, काळपट होतात, लोह उचलता येत नाही, आणि कोवळे पान शिरा हिरव्या ठेवून पिवळे पडते. जुन्या पोफळीची काही मुळे खोलही गेलेली असतात, तिला लवकर पत्ता लागत नाही. रोपाची सगळी मुळे विषारी थरातच. फ्लोरिडातल्या जुन्या संत्र्यांच्या बागांत नेमके हेच होत असे, आणि तिथला उपाय होता चुना.

पण पिवळेपणा पाणी तुंबूनही येतो, पाला कोरड्या जागीही कुजत नाही. म्हणून तांब्यावर आरोप ठेवण्याआधी घरच्या घरी एक खातरजमा करा. जुन्या पांढऱ्या सुती पंचाचे तळहाताएवढे दहा तुकडे कापा. पाच पोफळींच्या बुंध्याशी, पाच अशा जागी जिथे कधी मोरचूद पडला नाही पण सावली आणि ओल तशीच आहे, कुंपणाकडे किंवा पाटाच्या पलीकडे. चार बोटे खोल पुरा, नायलॉनच्या दोऱ्याने खूण करा. चतुर्थीनंतर पुरून दिवाळीला काढा. निरोगी मातीत कापडाची जाळी होते, तुकडा उचलताना हातात तुटतो. बुंध्याकडचा जर धुऊन पुन्हा वापरावा असा निघाला, तर यजमानांना दाखवायला आकड्यांची गरज पडणार नाही. त्याच दिवशी दोन्हीकडे हातभर लांब-रुंद, वीतभर खोल खड्डा काढून गांडुळे मोजा.

मातीचे नमुनेही त्याच दोन जागांचे, वेगवेगळ्या पिशव्यांत द्या. न फवारलेली माती हवीच, कारण मूळ खडकाप्रमाणे नैसर्गिक तांबे कमीजास्त असते. बुंध्याकडचा नमुना वरच्या चार बोटांचा वेगळा आणि त्याखालचा वेगळा घ्या. सगळा एकत्र केला की वरचा आकडा पातळ होतो. तपासणी कुठे करून मिळेल ते तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याला एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा. ‘एकूण तांबे’ असे स्पष्ट लिहून द्या, नाहीतर पुन्हा पत्रिकाच हातात येईल.

आता तुमचा थेट प्रश्न: साठलेले तांबे काढता येते का? दोन एकरांत, परवडेल असे, नाही. बाटलीतून ‘तांबे खाणारे जिवाणू’ विकणारा कोणी आला तर त्याला चहा पाजा आणि पाठवा. जिवाणू तांब्याला बांधून ठेवू शकतात, नाहीसे करू शकत नाहीत. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. आहे ते बांधून ठेवायचे, आणि नवे कमी पाडायचे.

बांधून ठेवायला चुना. सामू साडेपाचच्या खाली गेला की तांबे मोकळे होऊ लागते, सहा-साडेसहाकडे आणला की तेवढेच तांबे पुष्कळसे निजते. मी वर सामूचा फरक लक्षात ठेवायला सांगितले ते याचसाठी. तुमच्या सगळ्या खटाटोपात, जीवामृतापासून ट्रायकोडर्मापर्यंत, जमिनीला चुना कुठेच नाही! मात्रा माती तपासणाऱ्याकडूनच ठरवून घ्या, एका वर्षात सगळा टाकू नका, पाऊस सुरू होण्याआधी पसरा आणि वरच्या मातीत हलकेच मिसळा. खोल खणू नका, पोफळीची खाणारी मुळे वरच असतात. जोडीला पूर्ण कुजलेले कंपोस्ट. कोंबडीचे किंवा डुकराचे खत घेत असाल तर जपून, त्यांच्या खाद्यात तांबे आणि जस्त घातलेले असते आणि ते खतात उतरते. नव्या रोपांसाठी खड्डा मोठा काढा, वरची माती त्यात परत घालू नका. न फवारलेल्या जागेची माती, कंपोस्ट आणि थोडा चुना यांनी भरा. पिवळी पडलेली रोपे उचलून अशा खड्ड्यात लावून बघायला हरकत नाही.

नवे कमी पाडण्याचा भाग यजमानांनी वाचावा. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, या दोन ठेवा. तिसरी पाऊस लांबला तरच. चवथ आली म्हणून मारायची नाही. या एका बदलाने वर्षाचे तांबे तिसऱ्या हिश्शाने उतरते. फवारा घडांवर आणि शेंड्यावर बसला पाहिजे. खोड आणि जमीन भिजवून रोग आटोक्यात येत नाही. मिश्रणात राळेचा साबण घातला तर औषध धरून राहते. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी 1910 च्या सुमारास कोळेरोगाचा छडा लावला, तेव्हापासून बोर्डो आणि पोफळ यांची जोडी जमली आहे. सासऱ्यांनी केले ते त्या काळच्या उत्तम सल्ल्याप्रमाणेच होते, हे मुलाला सांगा.

मिश्रण कसे करता तेही बघा. चुन्याच्या दुधाळ पाण्यात मोरचुदाचे पाणी ओतायचे, उलट नाही, आणि भांडे प्लास्टिकचे. झाल्यावर घासून लखलखीत केलेले लोखंडी सुरीचे पाते मिनिटभर बुडवा. वर तांबूस मुलामा आला तर मोकळे तांबे उरले आहे, आणखी चुना हवा. चुना जुना, हवा लागलेला असेल तर नेहमीचे प्रमाण पुरत नाही. असे आंबट मिश्रण कोवळी सुपारीही जाळते.

खाली पडलेली सुपारी आणि वर वाळून राहिलेले घड गोळा करून जाळा. रोगाचे बी तिथूनच परत चढते. ज्या ओळींत दर वर्षी रोग आधी दिसतो तिथल्या घडांना पावसाआधी पॉलिथीनच्या पिशव्या घाला. चढणारा माणूस मिळणे हीच यातली खरी अडचण, म्हणून सगळ्या बागेला सांगत नाही, दोन-चार ओळींपुरते करा. तांबे नसलेली औषधे आहेत, मॅन्डीप्रोपॅमिड, मेटॅलॅक्झिल वगैरे. दुसऱ्या फवारणीला अधूनमधून त्यांतले एखादे घेता येईल, मात्रा कृषी अधिकाऱ्यांकडून घ्या. पण दर खेपेला तेच मारलेत तर फायटोप्थोरा त्याला सरावते, मेटॅलॅक्झिलच्या बाबतीत तसे झालेले आहे. मुलगा ‘सेंद्रिय’ म्हणत असेल तर त्याला हेही सांगा की सेंद्रिय शेतीच्या नियमांतही मोरचुदाला मर्यादित परवानगी आहे, त्यामुळे त्या प्रमाणपत्राने हा प्रश्न सुटत नाही.

मिरीच्या बुंध्यातली सरसकट ओतणी मात्र थांबवा. ज्या वेलीवर मर (वेल अचानक कोमेजणे) दिसेल तिला आणि तिच्या लगतच्या वेलींना द्या, बाकीच्यांना नको. पाणी निचरू द्या, जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या छाटा किंवा बांधा. ट्रायकोडर्मा निरोगी वेलींना, शेणखत आणि निंबोळी पेंडीत वाढवून द्या, आणि तांब्याच्या ओतणीपासून तीन-चार आठवडे दूर ठेवा. आठवड्याच्या आत एकापाठोपाठ दोन्ही घातलीत तर ट्रायकोडर्माचे पैसे वाया.

पुढच्या वर्षी पाला कुजू लागेल असे मी म्हणत नाही. तांबे जुने होत जाते तसे मातीत अधिकाधिक घट्ट बसते, चुन्याने त्याला मदत होते, आणि गांडुळे न फवारलेल्या कडेकडून आत सरकतात, तीही त्यांच्या वेगाने. तीन वर्षांनी त्याच जागांचे नमुने पुन्हा द्या आणि पंचाचे तुकडे पुन्हा पुरा. मुलाला हे काम द्या, फवारणीचा दिवस यजमानांनी ठरवावा.

आणि एक, तुम्ही विचारले नाहीत तरी. फवारणी संपल्यावर बॅरल आणि पंप कुठे धुता? कुळागरात ते बहुधा पाटावरच होते. तांबे पाण्यातल्या माशांना आणि शेवाळाला मातीतल्यापेक्षा फार कमी प्रमाणात मारते, आणि तो पाट खालच्या चार बागांतून ओढ्याला मिळतो. धुण्याचे पाणी पुढच्या मिश्रणात घ्या, नाहीतर वरच्या एका कोपऱ्यात चुना टाकलेला खड्डा करून त्यात ओता.